मराठवाड्यातील उद्योग-साहाय्य यंत्रणेची फेररचना कोठून सुरू व्हावी

लहान उद्योगांना सरकारी खर्चाने मदत करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात इतक्या झाल्या आहेत, की त्यांची फेररचना करावी ही सूचना दर काही वर्षांनी कोणी ना कोणी मांडतोच. त्या सूचनेचे स्वरूपही आता ठरून गेले आहे. काही महामंडळे एकमेकांत विलीन करावीत, काही बंद करावीत, सर्व योजना एका संकेतस्थळावर आणाव्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 'एक खिडकी' उघडावी. मी लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत लहान उद्योगांचे हिशेब पाहण्याचे आणि बँकेत सादर करायचे प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम करतो. योजनांच्या या गुंत्यावर माझ्यासारख्यांचा बराचसा व्यवसाय चालतो, हे वाचकांनी सुरुवातीलाच लक्षात ठेवलेले बरे. फेररचना मलाही हवी आहे. परंतु ती कार्यालयांच्या संख्येपासून सुरू केली तर हाती फारसे काही लागणार नाही, असे माझे मत आहे. कर्ज मंजूर झाल्यानंतरच्या तीन वर्षांत उद्योजकाच्या दारी कोणी जायचे आणि काय विचारायचे, हे आधी ठरवावे. कोणते कार्यालय राहावे आणि कोणते जावे, हे त्यावरून ठरेल.

'एका छपराखाली सर्व सेवा' ही कल्पना नवी नाही. डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी जे औद्योगिक धोरण जाहीर केले, त्यात जिल्हा उद्योग केंद्रांची घोषणा होती आणि मे १९७८ पासून ती प्रत्यक्षात सुरू झाली. लहान व ग्रामीण उद्योजकाला राजधानीपर्यंत धावाधाव करावी लागू नये, त्याला लागणारी प्रत्येक सेवा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळावी, हा त्यामागचा विचार होता. केंद्राच्या प्रमुखपदी महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली सात कार्यात्मक व्यवस्थापक अशी मूळची रचना होती. जिल्ह्याची आर्थिक पाहणी, यंत्रसामग्री, कच्चा माल, पतपुरवठा, विक्री, संशोधन व प्रशिक्षण आणि कुटिरोद्योग ही कामे त्यांच्यात वाटून दिलेली होती. आज या यादीकडे पाहिले तर तिची नेमकी जाण थक्क करणारी वाटते, कारण पतपुरवठा हा तिथे सातांपैकी एक विषय होता. बाकीचे सहा विषय हळूहळू मागे पडले आणि आज बहुसंख्य लोकांच्या लेखी 'डीआयसी' म्हणजे अनुदानाच्या कर्जाचा अर्ज जिथून बँकेत जातो ते ठिकाण.

हे एकाएकी घडलेले नाही. काही वर्षांतच व्यवस्थापकांची संख्या कमी करण्यात आली आणि पुढे १९९० च्या दशकात केंद्र सरकारने हा कार्यक्रम राज्यांवर सोपवला. परवाना आणि कोटा यांचा काळ संपल्यावर कच्च्या मालाच्या वाटपाचे काम उरले नाही, आणि ते गेले याचे दुःख करण्याचे कारणही नाही. पण नोंदणीचे काम गेल्याचा परिणाम अधिक खोल झाला. पूर्वी लघुउद्योगाची तात्पुरती आणि मग कायम नोंदणी जिल्हा उद्योग केंद्रात होत असे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानंतर तिची जागा ज्ञापनाने, म्हणजे उद्योगाची माहिती देणाऱ्या लेखी निवेदनाने, घेतली; तेही याच केंद्रात दाखल करावे लागे. २०१५ मध्ये उद्योग आधार आणि १ जुलै २०२० पासून 'उद्यम' ही संपूर्ण ऑनलाइन, निःशुल्क नोंदणी आली. उद्योजकाच्या दृष्टीने ही सुधारणाच होय (अर्थात निःशुल्क नोंदणीसाठी पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे लगेच उगवली, ही गोष्ट वेगळी). परंतु जिल्ह्यात नव्याने सुरू होणारा उद्योग निदान एकदा तरी ज्या दारातून जात असे ते दार त्या दिवशी बंद झाले, आणि उद्योग निरीक्षकाला आपल्या तालुक्यात काय चालले आहे याची जी थोडीबहुत प्रत्यक्ष ओळख होती तीही गेली. कागदाचा त्रास वाचला, पण त्या कागदाच्या निमित्ताने होणारी भेटही गेली, आणि तिच्या जागी दुसरे निमित्त कोणी निर्माण केले नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९७८ मध्ये या विभागात औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये हिंगोली असे तीन जिल्हे नंतर झाले. जिल्हा झाला की जिल्हा पातळीवरची कार्यालयेही ओघाने येतात. परंतु त्या प्रमाणात माणसे आणि विशेषतः जाणकार माणसे येत नाहीत. मागास भागांत उद्योग यावेत म्हणून सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत गडचिरोलीबरोबर हिंगोलीची गणना विनाउद्योग जिल्ह्यांत झाली. त्यामुळे तिथे येणाऱ्या उद्योगाला सर्वाधिक सवलती कागदावर मिळाल्या, पण त्या सवलतींचा लाभ कसा घ्यायचा हे समजावून सांगणारी यंत्रणा मात्र जिथे उद्योग आधीच होते तिथेच तुलनेने सशक्त राहिली. छत्रपती संभाजीनगरला 'मसिआ' आणि 'सीएमआयए' यांच्यासारख्या उद्योजकांच्या जाणत्या संघटना आहेत, साचे व हत्यारे बनवणारी आणि त्याचे प्रशिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांच्या सामाईक सोयींचे ऑटो क्लस्टर आहे आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्यालयही १९८८ पासून तिथेच आहे. वसमतच्या हळद-उत्पादकाला किंवा भूमच्या खवा-भट्टीवाल्याला यातले काहीही जवळ नाही.

प्रादेशिक पातळीवरचा प्रयोगही आपण एकदा करून पाहिला आहे. १९६७ मध्ये मराठवाडा विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यामागोमाग १९७० मध्ये विदर्भ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यासाठी तशीच महामंडळे निघाली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे या महामंडळांनी उद्योजकांना मदत करण्याऐवजी स्वतःच कंपन्या काढल्या. गोदावरी गारमेंट्स ही त्यांपैकी एक. घरी बसून कपडे शिवणाऱ्या तिच्या महिला कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, तेव्हा ते नाव पुन्हा वृत्तपत्रांत आले. महामंडळे थकली, त्यांच्यानंतर १९९४ मध्ये आलेली वैधानिक विकास मंडळे अनुशेष मोजण्यात आणि निधीवाटपाच्या वादात गुंतली, आणि त्यांचीही मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यामुळे 'मराठवाडा' हा एकक धरून लहान उद्योगाच्या सेवांचा विचार करणारी जागा आज कोणतीच नाही. मुंबईत उद्योग संचालनालय आहे, जिल्ह्यात केंद्र आहे. मध्ये उद्योग सहसंचालकांचे कार्यालय आहे, पण त्याचा बराचसा वेळ प्रोत्साहन योजनांची प्रकरणे तपासण्यात जातो.

गुंता किती आहे ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. औसा तालुक्यातल्या एखाद्या बचतगटातील महिलेला छोटी डाळमिल टाकायची आहे, असे समजू. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी तिला जिल्हा उद्योग केंद्र, खादी व ग्रामोद्योग मंडळ किंवा खादी आयोग यांपैकी एकाची निवड करावी लागेल. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम हा त्याच धर्तीचा राज्याचा स्वतंत्र कार्यक्रम, तोही उद्योग केंद्राकडे आणि खादी मंडळाकडे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना मात्र कृषी विभागाकडे आहे. गटाचे काम 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालत असेल तर ग्रामविकास विभाग, 'माविम' म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत चालत असेल तर महिला व बालविकास विभाग. ती अनुसूचित जातीची असेल तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, मराठा असेल तर अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना. प्रशिक्षण उद्योजकता विकास केंद्राकडे, किंवा अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत. यांपैकी प्रत्येक कार्यालयातला माणूस तिला आपल्या योजनेबद्दल बरोबर आणि बहुतेक वेळा आस्थेने माहिती देईल. या सगळ्यांतली तुमच्यासाठी कोणती योग्य, आणि मुळात आत्ता कर्ज काढणे योग्य की आधी वर्षभर दुसऱ्याच्या मिलवर डाळ करून घेऊन विकून पाहणे योग्य, हे सांगण्याचे काम मात्र कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. ते तिला माझ्यासारखा फी घेणारा माणूस सांगतो, आणि प्रकल्प अहवाल केला तरच त्याला पैसे मिळत असल्यामुळे 'कर्ज काढू नका' हा सल्ला तो देईलच, याची खात्री देता येत नाही.

येथपर्यंत आल्यावर कोणीही म्हणेल, की मग करा या सगळ्या योजना एकत्र. परंतु योजना अनेक असणे हे दुखण्याचे लक्षण आहे; दुखणे आहे ते या यंत्रणेकडून कशाचा हिशेब मागितला जातो त्यात. जिल्ह्याला दरवर्षी लक्ष्यांक येतो. इतके प्रस्ताव बँकेकडे पाठवायचे, इतके मंजूर करून घ्यायचे आणि इतक्या रकमेचे अनुदान वाटायचे. मासिक आढावा याच आकड्यांवर होतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बँकांना याच आकड्यांवरून जाब विचारला जातो आणि मार्च जवळ आला की सर्वांची धावपळ याच आकड्यांसाठी असते. अधिकारी कामसू असेल तर तो हेच काम अधिक नेटाने करतो. मंजूर झालेल्या उद्योगाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही. उद्या दहा महामंडळे मिळून एक महामंडळ केले आणि तक्ता हाच ठेवला, तर ते महामंडळही दहापट मोठे लक्ष्यांक-कार्यालयच होईल.

उद्योगाला खरी मदत कधी लागते, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फेररचनेच्या चर्चेत हा भाग हटकून वगळला जातो. डाळमिलचेच उदाहरण घेऊ. तूर बाजारात येते ती साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. मिलवाल्याला वर्षभराच्या कामाचा मोठा हिस्सा याच काळात खरेदी करून ठेवावा लागतो, कारण नंतर भाव चढतात आणि चांगला मालही मिळत नाही. म्हणजे त्याची पैशाची गरज या तीन महिन्यांत फुगते आणि पावसाळ्यापर्यंत ओसरते. प्रकल्प अहवालात मात्र खेळते भांडवल बाराही महिन्यांच्या सरासरीने दाखवले जाते, कारण ठरीव नमुना तसा आहे. त्यात बँका यंत्रासाठीचे मुदत कर्ज तत्परतेने देतात, पण खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर करताना हात आखडता घेतात. परिणाम असा होतो की यंत्र बसते, वीज जोडणी होते, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि पहिल्याच हंगामात मालक तूर घ्यायला पैसे नाहीत म्हणून इतरांची डाळ भरडून देण्याच्या मजुरीवर येतो. मजुरीतून हप्ता निघत नाही. दुसऱ्या वर्षी तो अडत्याकडून उचल घेतो आणि तिसऱ्या वर्षी मिल चालू असते, पण ती व्यवहारात अडत्याची झालेली असते. या मालकाला पहिल्या हंगामाच्या दोन महिने आधी बँकेत जाऊन हंगामी मर्यादा मागून घेणारा, किंवा वखारीत माल ठेवून पावतीवर कर्ज कसे उचलायचे ते दाखवणारा एक जाणकार माणूस मिळाला असता, तर एवढ्याने भागले असते. यासाठी नवी योजना लागत नाही आणि वेगळे अनुदानही लागत नाही.

असा माणूस पाठवण्याची सोय पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांतच दडलेली आहे. या कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान मिळते. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची कमाल मर्यादा २०२२ पासून ५० लाख रुपये आहे. हे अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत लाभार्थ्याच्या नावे तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले जाते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज आकारलेही जात नाही. तीन वर्षांनी, उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर, ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. म्हणजे सरकारचा पैसा तीन वर्षे त्या उद्योगात अडकलेला असतो आणि या काळात उद्योग जिवंत राहावा यात सरकारचा, बँकेचा आणि मालकाचा असा तिघांचाही हितसंबंध असतो. तरीही या काळात नियमाने घडणारी भेट म्हणजे ती पडताळणी, आणि पडताळणी करणाऱ्याचे काम उद्योग आहे की नाही एवढे पाहण्याचे. बंद पडला असेल तर तशी नोंद होते. तो बंद पडू नये म्हणून आठव्या महिन्यात जायचे होते, अठराव्या महिन्यात जायचे होते. त्यासाठी कोणाची नेमणूक नाही. फेररचनेतला पहिला बदल मी येथे करीन. ठेवीत असलेल्या प्रत्येक प्रकरणाला एक सल्लागार जोडावा, त्याच्या भेटींच्या तारखा आधीच ठरलेल्या असाव्यात आणि जिल्हा केंद्राच्या आढाव्यात मंजुरीच्या आकड्याच्या शेजारी 'तीन वर्षे पूर्ण होऊन चालू असलेले उद्योग' हा आकडा यावा.

सल्लागाराला पैसे कसे द्यायचे, याचा एक बरा नमुनाही उपलब्ध आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमल्या जातात. प्रत्येक मंजूर प्रकरणामागे त्यांना २०,००० रुपये मानधन ठरलेले आहे. त्यांतले निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेले निम्मे उद्योगाच्या नोंदण्या, अन्नसुरक्षेचा परवाना, प्रकल्पाची उभारणी आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर द्यायचे असते. हे मानधन पुरेसे आहे का, यावर वाद होऊ शकतो, आणि दुसरा हप्ताही माझ्या मते फार लवकर संपतो. पण मंजुरीनंतरच्या कामाला सरकारी यंत्रणेने किंमत लावल्याचे दुसरे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. याच तत्त्वाने तिसरा हप्ता दुसऱ्या आर्थिक वर्षाच्या अखेरीला ठेवला, तर सल्लागाराला प्रकल्प अहवाल फुगवण्यापेक्षा उद्योग टिकवण्यात रस वाटू लागेल. माझ्यासारख्यांनाही.

आता जिल्ह्यात काय असावे आणि विभागात काय असावे, याकडे येतो. प्रत्येक जिल्ह्यात सर्व विषयांचे तज्ज्ञ ठेवणे परवडणारे नाही आणि ते मिळणारही नाहीत. निर्यातीची कागदपत्रे, पॅकेजिंग, अन्नप्रक्रियेचे तंत्र, विजेच्या भाराचे नियोजन, डिझाइन, बौद्धिक संपदा यांसारख्या विषयांत हिंगोलीला वर्षातून दहा-वीस वेळा माणूस लागेल, जालन्याला त्याहून जास्त लागेल. अशा तज्ज्ञांचा एक गट आठही जिल्ह्यांसाठी मिळून असावा आणि त्याने ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी बसावे. परभणीचे कृषी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरची टूल रूम, उद्योजकांच्या संघटना यांच्याकडे ही माणसे आहेत. त्यांचा वेळ विकत घेण्याची सोय विभागाकडे असली की पुरे. जिल्ह्यात मात्र एक दार, एक प्रकरण-क्रमांक आणि एक जबाबदार माणूस असावा. उद्योजकाने एकदा दिलेले सातबारा, जातीचे प्रमाणपत्र, दरपत्रक हे कागद पुन्हा कोणत्याही महामंडळाने मागू नयेत.

काही कामे विभागीय पातळीवर चांगली होतात, याचे एक उदाहरण आपल्याकडे आहे, आणि त्याच्या मर्यादाही बोलक्या आहेत. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा अधिनियम सांगतो. तक्रार ऐकण्यासाठी विभागीय पातळीवर सुलभता परिषदा आहेत आणि त्यांच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा इतका बळकट असूनही लहान पुरवठादार तक्रार करायला कचरतो, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच बहुधा त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक असतो. अशा वेळी परिषदेआधी कोणीतरी मध्यस्थाने खरेदीदाराच्या लेखा विभागाला एक फोन केला, तर पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. पण हे काम परिषदेचे नाही आणि जिल्हा केंद्राचेही नाही. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकर कायद्यातील ४३-ब च्या नव्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे त्या फोनला आता वजनही आले आहे.

दुसऱ्या देशातला एक अनुभव येथे उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये उद्योजकांना सल्ला देणारी 'बिझनेस लिंक' ही यंत्रणा १९९३ पासून होती आणि २००५ मध्ये ती प्रादेशिक विकास संस्थांकडे सोपवण्यात आली. तेव्हा त्या देशात सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या उद्योग-साहाय्य योजना ३,००० च्या घरात आहेत, असे सरकारचेच म्हणणे होते. २०१० पर्यंत त्या १०० च्या आत आणण्याचा कार्यक्रम २००६ मध्ये हाती घेण्यात आला. योजना खरोखरच आटोपशीर झाल्या. आणि मग सरकार बदलले, २०११ च्या अखेरीस बिझनेस लिंकची प्रादेशिक सल्लासेवा बंद झाली, २०१२ मध्ये विकास संस्थाही संपल्या. त्यांच्या जागी स्थानिक उपक्रम भागीदारी संस्था आल्या आणि २०२४ मध्ये त्यांचाही निधी थांबवून काम स्थानिक प्रशासनांकडे देण्यात आले. प्रत्येक फेररचनेला पटण्याजोगी कारणे होती. परंतु सल्लागार आणि उद्योजक यांची ओळख जमायला लागणारा वेळ आणि फेररचनांमधले अंतर हे जवळजवळ सारखेच पडले. आपल्याकडे संस्था बंद होत नाहीत, नुसत्या साचत जातात. हा आपला दोष आहे, पण तिकडची दर दहा वर्षांची पाटी बदलणे हे काही त्यावरचे औषध नव्हे.

विलीनीकरणाच्या बाबतीत माझा एक निश्चित आक्षेप आहे. महात्मा फुले महामंडळ, अण्णाभाऊ साठे महामंडळ, इतर मागासवर्गीयांचे महामंडळ किंवा अण्णासाहेब पाटील महामंडळ यांच्यामागे त्या त्या समाजाच्या मागण्यांचा इतिहास आहे आणि त्यांचा निधी त्या समाजासाठी राखून ठेवलेला आहे. 'कार्यक्षमते'च्या नावाखाली ती एका सामान्य महामंडळात विरघळवली तर तो निधी कोठे गेला हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही, आणि राजकीयदृष्ट्या तसे होऊ शकत नाही हेही उघड आहे. म्हणून त्यांचा पैसा आणि निर्णय त्यांच्याकडेच राहू द्यावेत; अर्ज घेणे, छाननी, प्रशिक्षण आणि पाठपुरावा एवढेच काम एका दाराशी आणावे. या महामंडळांची जिल्हा कार्यालये बहुतेक ठिकाणी अपुऱ्या माणसांवर चालतात. हे ओझे उतरले तर त्यांना आपल्या लोकांपर्यंत पोहोचायला वेळ मिळेल.

उलट खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र ही एकाच खात्याची दोन कार्यालये एकाच योजनेचे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर का घेतात, याला इतिहासापलीकडे काही कारण राहिलेले नाही. उत्पादनाच्या दृष्टीने खादीचे वेगळेपण जपावे. रोजगार निर्मिती कार्यक्रमाची वाटणी जपण्याची गरज नाही.

'मैत्री' ही उद्योगांना परवानग्या मिळवून देणारी राज्याची यंत्रणा आणि तिच्यासाठी झालेला २०२३ चा अधिनियम यांवर मी फारसे लिहीत नाही, कारण परवानग्यांची एक खिडकी ही प्रामुख्याने मोठ्या व मध्यम गुंतवणुकीची गरज आहे. पाच-दहा लाखांच्या उद्योगाचे अडते ते परवानगीवाचून क्वचितच.

विभागीय रचना म्हटली की मराठवाड्यात पहिला प्रश्न निघतो तो मुख्यालय कोठे. महसूल आयुक्तालय लातूरला की नांदेडला, या वादात किती वर्षे गेली ते सर्वांना ठाऊक आहे, आणि उद्योग-साहाय्याचे दुसरे केंद्र काढायचे ठरले तर तोच वाद पुन्हा पेटेल. म्हणून माझी सूचना अशी, की विभागीय तज्ज्ञगटाला इमारतच देऊ नये. प्रशासकीय पालकत्व उद्योग सहसंचालकांकडे असावे आणि माणसांनी आठवड्याचे दिवस जिल्हे वाटून घ्यावेत. लातूरहून छत्रपती संभाजीनगरला एका सल्ल्यासाठी जाण्यायेण्यात उद्योजकाचा अख्खा दिवस मोडतो. तो प्रवास सल्लागाराने करावा.

पैशाची सबब येथे फारशी टिकत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'रॅम्प' या ६,०६२.४५ कोटी रुपयांच्या कार्यक्रमाचा उद्देशच राज्यांची लघुउद्योगविषयक यंत्रणा सक्षम करणे हा आहे आणि त्यासाठी राज्यांनी आपापले गुंतवणूक आराखडे करायचे आहेत. अशा निधीतून परिषदा, मेळावे आणि जनजागृतीचे कार्यक्रम घेणे सर्वांत सोपे असते, कारण त्यांचा खर्च वर्षाच्या आत दाखवता येतो. तीन वर्षे चालणारी सल्लासेवा त्या मानाने गैरसोयीची. तिचा परिणाम पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत दिसतो.

सुरुवात दोन जिल्ह्यांत करावी, आणि ते दोन एकसारखे नसावेत: एक लातूर, जिथे डाळ-तेलाची बाजारपेठ जुनी आहे, आणि दुसरा हिंगोली. या दोन्ही जिल्ह्यांत आज ज्यांचे अनुदान मुदत ठेवीत आहे अशा उद्योगांची यादी बँकांकडे आणि खादी आयोगाच्या पोर्टलवर तयारच आहे. नवे सर्वेक्षण नको, नवे संकेतस्थळ नको. त्या यादीतले जे उद्योग पहिल्या वर्षात आहेत त्यांच्याकडे उद्योग निरीक्षकाने एका लेखापालाला बरोबर घेऊन जावे, खेळत्या भांडवलाची मर्यादा मंजूर झाली आहे का आणि विकलेल्या मालाचे किती पैसे किती दिवसांपासून अडकले आहेत, हे दोनच प्रश्न विचारावेत, आणि आलेली उत्तरे त्या महिन्याच्या आढावा बैठकीत बँक अधिकाऱ्यांसमोर ठेवावीत. तूर बाजारात येण्याआधी, नोव्हेंबरमध्ये, हे झाले तर त्याच हंगामात त्याचा उपयोग होईल.